जुन्या एमजीबीत नवं इंजिन बसवताय? या चुका टाळा

गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली चकचकीत इंजिन आणि मधोमध चार स्टँडवर बिनचाकाची एमजीबी, म्हणजे ब्रिटिश एमजी कंपनीची जुनी स्पोर्ट्स कार. इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये राहायला आल्यापासून हे दृश्य मी बऱ्याच घरांत पाहिलंय. त्यातलं एक घर माझंच. इंजिन आधी घेतलं, कारण स्वस्तात मिळत होतं. गाडीखाली नीट शिरलो ते चार महिन्यांनी.

तसं पाहिलं तर रेस्टोमॉडसाठी, म्हणजे जुनं रूप ठेवून आतून नवी करायला, एमजीबीइतकी सोयीची दुसरी गाडी नाही. ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या. सुटे भाग अजून मिळतात, १९८८ पासून तर अख्खी नवी बॉडी शेलही मिळायला लागली. मूळचं १७९८ सीसीचं लोखंडी इंजिन ९५ अश्वशक्तीचं. कंपनीनेच १९७३ मध्ये जीटीत, म्हणजे बंद छताच्या एमजीबीत, रोव्हरचं ३५२८ सीसीचं व्ही-८ घालून आकडा १३७ वर नेला. २०१२ मध्ये, मॉडेलला पन्नास वर्षं झाली तेव्हा, फ्रंटलाइन या कंपनीने माझदाचं दोन लिटरचं इंजिन आणि सहा गिअरचा बॉक्स बसवलेली जीटी आणली. तेव्हा इंजिन बसतं का, हा प्रश्नच नाही. गाड्या अडतात त्या बाकीच्या गोष्टींवर.

पत्र्याकडे न बघता कापाकापी

एमजीबीला वेगळी चॅसिस नाही. बॉडी हीच चॅसिस, आणि दारांखालचे दोन सिल हा तिचा कणा. उघड्या रोडस्टरला तर पक्कं छतही नाही, सगळा भार सिलवर. बाहेरचा पत्रा, मधला पडदा आणि खालचा कॅसल सेक्शन असे थर एकमेकांना जोडलेले असतात. बाहेरून रंग छान दिसतो, आत पन्नास वर्षांचा चिखल आणि गंज. मला गाडी विकणाऱ्याने 'सिल नवे टाकलेत' असं छातीठोक सांगितलं होतं. टाकले होते खरे, पण जुन्या कुजक्या कॅसल सेक्शनवरच नवा पत्रा ठोकून वर पुट्टी फासलेली. चुंबक लावला तर चिकटेना.

घ्यायच्या आधी एक साधी परीक्षा करा. दार उघडा, सिलखाली जॅक लावून ती बाजू थोडी उचला आणि दार लावून पाहा. दाराची फट बदलली किंवा दार कुलपाच्या खांबावर घासलं, तर आतला सांगाडा गेलाय. मग इंजिनाचा विचार बाजूला ठेवा.

सिल बदलताना तर याहून मोठी चूक होते. उत्साहाच्या भरात दोन्ही बाजू एकदमच कापून टाकतात. गाडी मधोमध वाकते, तशीच वेल्ड होते, आणि नंतर दार आयुष्यभर उचलून लावावं लागतं. कापायच्या आधी बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत लोखंडी नळी आडवी बोल्ट किंवा वेल्ड करा, गाडीचं वजन तिच्या ॲक्सलच्या जागी टेकू देऊन तोला आणि एका वेळी एकच बाजू हातात घ्या. वेल्डच्या दर दोन-तीन टाक्यांनंतर दार बसवून फट बघा. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

अर्थिंग गृहीत धरणं

१९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. आपल्या सवयीच्या बरोबर उलट. अशा गाडीत नवा अल्टरनेटर किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन डोळे झाकून जोडलं की ते क्षणात जळतं. मी अल्टरनेटरचे डायोड घालवलेली माणसं पाहिली आहेत, आणि ती सगळी शिकलेली होती.

ऋण अर्थ करून घेणं, म्हणजे बॅटरीचं ऋण टोक बॉडीला जोडणं, अवघड नाही, पण अर्धवट करू नका. बॅटरीची टोकं बदलली की कॉइलच्या तारांची अदलाबदल करायची. ती राहिली तरी गाडी चालू होते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. चढावर मिसिंग मारते आणि लोक कार्ब्युरेटर उघडून बसतात. डायनॅमो ठेवणार असाल तर त्याच्या एफ टोकाची तार काढून तिथे बॅटरीची जिवंत तार क्षणभर टेकवायची, म्हणजे त्याचं चुंबकत्व नव्या दिशेला फिरतं. इलेक्ट्रॉनिक रेव्ह काउंटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा) असेल तर तो आतून बदलून घ्यावा लागतो. कुणी आधीच विजेचा पंखा बसवला असेल, तर त्याची मोटर कायम चुंबकाची असते आणि ती आता उलटी फिरेल. 'पंखा तर फिरतोय, मग तापते का?' या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा तिथेच सापडतं. पंखा रेडिएटरच्या मागे असेल तर रेडिएटरच्या पुढे वर्तमानपत्राचा कागद धरा. तो जाळीला चिकटायला हवा. उडून हातात आला तर तारा उलट्या आहेत.

दुसरा घोळ अर्थ स्ट्रॅपचा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणजे ते बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं. मधे वेणीसारखी तांब्याची पट्टी असते. इंजिन बदलताना ती काढून बाजूला ठेवली जाते आणि विसरली जाते. मग स्टार्टरचे शेकडो अँपिअर परतायला वाट शोधतात, आणि मिळते ती चोकची किंवा ॲक्सिलरेटरची केबल. माझ्या गाडीला पहिला स्टार्टर मारला तेव्हा इंजिनाने जेमतेम अर्धा आळस दिला आणि चोकच्या बटणाजवळून पातळ धूर निघाला. केबलचं आवरण वितळून आतली तार चिकटली होती. बॅटरी मागे, सीटच्या पाठीशी. बऱ्याच वर्षांच्या गाड्यांत तर सहा व्होल्टच्या दोन. लांब केबल, जुनी टोकं, त्यात हे. पट्टी नवीन घ्या, बसायची जागा पॉलिश पेपरने घासून उघड्या धातूवर आवळा.

आधी ताकद, मग ब्रेक

हा क्रम उलटा हवा हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी कुणी पाळत नाही. सुरुवातीच्या गाड्यांचं ब्रेक सर्किट एकच आहे, एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. आधी दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवा. मोठे कॅलिपर लावताना त्यांचे पिस्टन मोठे असतात, त्यांना तेल जास्त लागतं, जुना मास्टर तेवढं ढकलत नाही आणि पेडल जमिनीला भिडतं. लोक तासन्‌तास हवा काढत बसतात, हवा नसतेच. उलट मास्टर फार मोठा घेतला तर पेडल दगडासारखं होतं. पुढचे-मागचे भाग एकाच जुळवलेल्या संचातले घ्या. मागचे ड्रम आधी धरले तर पावसात गाडी गर्रकन फिरते.

तारांची चाकं दिसायला देखणी, पण ती हबवर दातांनी बसतात. दात झिजलेले असतील तर वाढलेली ताकद ते खाऊन टाकेल. हँडब्रेक ओढून मागचं चाक पुढे-मागे हलवा. टक् असा आवाज आला तर हब आणि चाक दोन्ही बदलायचे, एकच बदललं तर नवं लवकर झिजतं.

पेट्रोलची जुनी वाट तशीच ठेवणं

मूळच्या एसयू कार्ब्युरेटरला पेट्रोलचा तीन-चार पीएसआय (चौरस इंचाला पाउंड) दाब पुरतो. नव्या इंजिनाच्या फ्युएल इंजेक्शनला साधारण ४३ लागतो. जुना होस पाइप आणि साधी स्क्रू क्लिप तो दाब धरत नाही, आणि खाली एक्झॉस्ट तापलेला असतो. पाइप, क्लिपा, फिल्टर सगळं इंजेक्शनच्या दर्जाचं घ्या. टाकीत आडवे पडदे नसतील तर वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि इंजिन गचके देतं. मधे छोटी स्वर्ल पॉट टाकी बसवली की हे थांबतं. आणि इथेनॉल विसरू नका: इथे ब्रिटनमध्ये २०२१ च्या सप्टेंबरपासून साधं पेट्रोल ई-१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल) झालं, पुण्यात तर पंपावर ई-२० आहे. जुनं रबर त्यात फुगतं, सुटतं, नि त्याचा काळा गाळ इंजेक्टरमध्ये जाऊन बसतो.

कागद शेवटी बघणं

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या गाडीला वार्षिक एमओटी तपासणीतून सूट असते, पण गेल्या तीस वर्षांत मोठा बदल झाला असेल तर ती जाते. विमा कंपनीला इंजिन बदल कळवला नाही तर अपघातानंतर हात वर होतात. महाराष्ट्रात असं काही करायचं मनात असेल तर कामाला हात लावायच्या आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला परवानगी लागते, मूळ बांधणीत बदल नको हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. आणि २०२१ च्या नियमांतली 'व्हीए' मालिकेची व्हिंटेज नोंदणी पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी आहे. व्ही-८ घातलेली गाडी तिथे बसत नाही.

चालू झाल्यावर

पहिले पन्नास मैल घराच्या आसपासच फिरा, पाना आणि टॉर्च गाडीत ठेवून. ट्रॅफिकमध्येच तापत असेल तर पंखा बघा, हायवेवर तापत असेल तर रेडिएटर किंवा अडकलेली हवा. सिग्नलला थांबल्यावर दिवे मंद होत असतील तर आधी चार्जिंग, मग अर्थिंग. गिअर घालताना कुरकुर येत असेल आणि मूळचाच चार गिअरचा बॉक्स ठेवला असेल, तर आत कुणी ईपी-९० हे गिअर ऑइल ओतलंय का विचारा. त्याला इंजिनाचंच २०डब्ल्यू-५० ऑइल लागतं. परत आल्यावर गाडी रात्रभर पुठ्ठ्यावर उभी करा. सकाळी डाग कुठे पडलाय ते बघून तिथलाच बोल्ट आधी आवळा.