लिनक्सवर डिस्क दिसेना? ड्रायव्हरला शिव्या देण्याआधी या चुका टाळा

रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर एक तिरका फोटो आला. काळा स्क्रीन, मध्ये ‘अलर्ट, यूयूआयडी डझ नॉट एक्झिस्ट, ड्रॉपिंग टू अ शेल’ (म्हणजे या ओळखक्रमांकाची डिस्क सापडली नाही) आणि खाली इनिटरॅमएफएसचा, म्हणजे बूटच्या सुरुवातीच्या छोट्या सिस्टिमचा, प्रॉम्प्ट लुकलुकतोय. सोबत मेसेज, ‘दादा, डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर उडाला बहुतेक, कुठून डाउनलोड करू?’

हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की आता उत्तर टाइप करायचाही कंटाळा येतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. लिनक्सवर ड्रायव्हर असा उडत बिडत नाही. साध्या साटा पोर्टचा एएचसीआय, एनव्हीएमईचा ड्रायव्हर, रेड कार्डांचे (अनेक डिस्क एकत्र बांधणारी कार्डं) मेगारेड आणि एमपीटी३सॅस हे सगळे कर्नलसोबतच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासोबतच, येतात, वेबसाइटवर जाऊन सेटअप फाइल शोधायची सवय विंडोजची आहे आणि ती इकडे आणली की पहिला तास वाया गेलाच म्हणून समजा. प्रश्न बहुतेक वेळा ‘ड्रायव्हर आहे का’ हा नसतोच, ‘ड्रायव्हर आणि कंट्रोलरची गाठ का पडली नाही’ हा असतो.

आधी बघा कंट्रोलर कोणाच्या ताब्यात आहे

लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करा आणि एलएसपीसीआय ही कमांड -एनएनके ऑप्शन लावून चालवा. बस, बाकी काही नको. प्रत्येक कार्डाखाली त्याचा पीसीआय आयडी येतो आणि त्याखाली दोन ओळी, ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ आणि ‘कर्नल मॉड्यूल्स’. आता कंट्रोलरची ओळच दिसत नसेल तर ड्रायव्हरचा विषयच संपला, कार्ड स्लॉटमध्ये नीट बसलंय का आणि बायोसमध्ये तो पोर्ट बंद तर नाही ना ते बघा. ओळ आहे पण ‘इन यूज’ गायब आहे, तर हा खरा ड्रायव्हरचा घोळ. आणि दोन्ही ओळी असूनही डिस्क नाही, तर मग केबल, बॅकप्लेन (डिस्क ज्यात खोचतात तो बोर्ड), किंवा रेड कार्डाच्या मेनूत जाऊन व्हर्च्युअल डिस्क बनवलेलीच नाही. हे शेवटचं हसण्यासारखं वाटतं पण कार्डात आठ डिस्क घालून ‘लिनक्सला एकही दिसत नाही’ म्हणणारे मी स्वतः बघितलेत.

एक गंमत अजून. ‘इन यूज’समोर व्हीएफआयओ-पीसीआय दिसलं तर कोणीतरी, बहुतेक वेळा तुम्हीच सहा महिन्यांपूर्वी, ते कार्ड व्हर्च्युअल मशीनला पासथ्रू केलेलं, म्हणजे थेट देऊन टाकलेलं असतं आणि विसरलेलं असतं.

लॅपटॉपवर थेट मोड बदलू नका

इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप-डेस्कटॉपमध्ये बायोसमध्ये स्टोरेजचा मोड ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’ असा ठेवून देतात, मशीनमध्ये डिस्क एकच असली तरी. त्या मोडमध्ये एनव्हीएमई डिस्क साटा कंट्रोलरच्या मागे लपते, लिनक्सला ती स्वतंत्र दिसतच नाही, मग इन्स्टॉलर म्हणतो डिस्क नाही आणि लोक म्हणतात ड्रायव्हर नाही. खरं तर कर्नल डीमेसेजमध्ये, म्हणजे स्वतःच्या लॉगमध्ये, स्पष्ट लिहून देतो की ‘रीमॅप्ड एनव्हीएमई’ सापडलीय, बायोस रेडवरून एएचसीआयवर न्या. वाचतो कोण.

पण चूक यानंतरची मोठी आहे. तसंच बायोसमध्ये जाऊन एएचसीआय केलं की लिनक्स खूश आणि विंडोज निळ्या स्क्रीनवर, ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’. ड्युएल बूट असेल तर आधी विंडोजमधून बीसीडीएडिटने सेफ मोड लावा, मग रीस्टार्ट करून मोड बदला, एकदा सेफ मोडमध्ये विंडोज चालू होऊ द्या म्हणजे ते आपला ड्रायव्हर उचलतं, मग सेफ मोड काढा. आणि या सगळ्याच्या आधी बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, कागदावरच, त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर नको. ११व्या पिढीपासूनच्या इंटेलमध्ये व्हीएमडी नावाचा पुढचा प्रकार आला, त्याचा ड्रायव्हर नव्या कर्नलमध्ये आहे, तिथे बऱ्याचदा ताजी आयएसओ घेतली तरी भागतं.

किल्ली कपाटात ठेवून कपाटाला कुलूप

ही माझी स्वतःची चूक, म्हणून जरा सविस्तर. एका जुन्या सर्व्हरचा मदरबोर्ड गेला, डिस्क आणि डेटा ठणठणीत, मी म्हटलं डिस्क काढून दुसऱ्या सर्व्हरला लावू, पंधरा मिनिटांचं काम. त्या दुसऱ्याला रेड कार्ड वेगळं होतं. बूट केलं तर ड्रॅकट इमर्जन्सी शेल. डिस्कवर सगळ्या कार्डांचे ड्रायव्हर आहेत, मला माहितीय आहेत, पण ते ड्रायव्हर डिस्कवर आणि डिस्क वाचायला ड्रायव्हर हवा, म्हणजे किल्ली कपाटातच आणि कपाटाला कुलूप. याच्यासाठीच इनिटरॅमएफएस असतो, बूट होताना मेमरीत जाणारी छोटी पिशवी, तिच्यात गरजेपुरते ड्रायव्हर भरलेले. गरज कोणाची? तर पिशवी भरताना जे हार्डवेअर समोर होतं त्याची. रेड हॅट, फेडोरा वगैरेंचा ड्रॅकट, म्हणजे पिशवी भरणारा प्रोग्राम, ‘होस्टओन्ली’ पद्धतीने भरतो, म्हणजे जुन्या मशीनचा ड्रायव्हर घेतला आणि नव्याचा सोडून दिला.

मी त्या रात्री दोन तास भलतंच करत बसलो. खरं उत्तर ग्रबच्या, म्हणजे बूटच्या मेनूत शेवटच्या ओळीत होतं, ‘रेस्क्यू’ नावाची एंट्री. ती होस्टओन्ली नसते, तिच्यात जवळपास सगळे ड्रायव्हर असतात. ती निवडा, मशीन उठतं, मग ड्रॅकटला ‘रीजनरेट-ऑल’ आणि ‘फोर्स’ देऊन पिशवी परत भरा. रेस्क्यू एंट्री कोणी जागा वाचवायला उडवलेली असेल तर लाइव्ह पेनड्राइव्ह, डेव्ह-प्रॉक-सिस बाइंड माउंट, सीएचरूट (म्हणजे डिस्कवरच्या सिस्टिमच्या आत शिरणं), आणि इथे परत एक खड्डा आहे, सीएचरूटमध्ये नुसतं ड्रॅकट चालवलं तर ते पेनड्राइव्हच्या कर्नलचं व्हर्जन धरतं, तुमच्या डिस्कवरच्या नाही. केव्हर ऑप्शनने व्हर्जन सांगा, नाहीतर रीजनरेट-ऑल वापरा. झाल्यावर एलएसइनिटआरडीने पिशवीत डोकावून बघा ड्रायव्हर खरंच आलाय का, त्याशिवाय रीबूट करू नका.

डेबियन-उबुंटूवाल्यांना हा त्रास कमी, तिथे मुळातच ‘मॉड्यूल्स इक्वल टू मोस्ट’ असतं, म्हणजे बहुतेक सगळे ड्रायव्हर भरायचे. कोणी शहाणपणा करून ते ‘डेप’, म्हणजे समोरच्या हार्डवेअरपुरतं, केलं की तेही आपल्यासारखेच. त्यांची नेहमीची रड वेगळी, /बूट पार्टिशन भरतं, अपडेटच्या वेळी नवी इनिटरॅमएफएस फाइल अर्धवट लिहिली जाते किंवा बनतच नाही, आणि पुढच्या बूटला कर्नल पॅनिक, ‘अननोन ब्लॉक ०,०’. हे वाचून डिस्क मेली समजून नवी मागवणारे आहेत. अहो डीएफ चालवून जागा बघा, जुने कर्नल काढा, अपडेट-इनिटरॅमएफएस चालवा.

व्हीएमवेअरवरून केव्हीएमवर मशीन हलवताना पण हेच, पिशवीत व्हर्टिओ, म्हणजे केव्हीएमच्या आभासी डिस्कचा ड्रायव्हर, नसतो. आधी डिस्क साटा म्हणून लावा, आत जाऊन व्हर्टिओचे ड्रायव्हर घालून इनिटरॅमएफएस बनवा, मग बस बदला.

ड्रायव्हर आहे, पण ओळख दाखवत नाही

जुने सॅस कार्ड (सर्व्हरच्या डिस्क लावायचे) स्वस्तात मिळतात आणि घरी स्टोरेज बॉक्स बनवणाऱ्यांचे लाडके असतात. एलएसआयचं एसएएस२००८ चिप असलेलं कार्ड घ्या, आयडी १०००:००७२. त्याच्यावर सेंटओएस ७ मस्त चालायचं. आरएचईएल (रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स) ८ आलं २०१९ मध्ये आणि रेड हॅटने एमपीटी३सॅस ड्रायव्हर ठेवला पण त्यातून जुन्या कार्डांचे आयडी काढून टाकले. आता गंमत बघा, मॉडप्रोब या कमांडने ड्रायव्हर लोड केला तर मॉड्यूल शांतपणे लोड होतं, एरर नाही काही नाही, आणि डिस्क मात्र शून्य. माणूस केबल बदलतो, कार्ड बदलतो, वेडा होतो. इथे बघायची गोष्ट एकच, मॉडइन्फोमध्ये अलियासच्या यादीत, म्हणजे ड्रायव्हर ज्यांना ओळखतो त्या आयडींच्या यादीत, तुमचा आयडी आहे का. नसेल तर ईएलरेपोचा (रेड हॅटसाठी वेगळे ड्रायव्हर देणारा प्रकल्प) केमॉड पॅकेज घाला, त्यांची इन्स्टॉलच्या वेळी लावायची ड्रायव्हर डिस्कही मिळते. किंवा अल्मालिनक्स बघा, त्यांनी २०२४ च्या ९.४ मध्ये असे बरेच जुने आयडी परत चालू केले.

नावांचा घोळ वेगळाच. एमपीटी२सॅस हा स्वतंत्र ड्रायव्हर ४.४ कर्नलपासून एमपीटी३सॅसमध्ये विलीन झाला, एचपीच्या जुन्या स्मार्ट ॲरेचा सीसीआयएसएस जाऊन एचपीएसए आला, आणि त्याबरोबर डिस्कचं नावच बदललं. एफएसटॅबमध्ये, म्हणजे कुठली डिस्क कुठे जोडायची त्या फाइलमध्ये, जुना पाथ लिहिलेला असेल तर अपग्रेडनंतर माउंट होणार नाही. /डेव्ह/एसडीए पण लिहू नका, आज एसडीए असलेली उद्या एसडीबी होते. यूयूआयडी लिहा.

दीडशे रुपयांची केबल

डीमेसेजमध्ये ‘फेल्ड कमांड, रीड एफपीडीएमए क्यूड’, मग ‘हार्ड रिसेटिंग लिंक’, मग ‘लिमिटिंग साटा लिंक स्पीड टू १.५ जीबीपीएस’. हे वाचून एएचसीआय ड्रायव्हरमध्ये बग आहे असं ठरवून मी दोन दिवस कर्नल बदलत होतो, तीन व्हर्जन झाली. एसएररच्या महिरपी कंसात ‘बॅड सीआरसी’ लिहिलेलं होतं, ते मी शंभर वेळा बघून सोडून दिलं. बॅड सीआरसी म्हणजे डेटा वाटेत खराब होतोय, आणि वाट म्हणजे केबल. स्मार्टसीटीएलमध्ये १९९ नंबरचा ॲट्रिब्यूट बघा, यूडीएमए सीआरसी एरर काउंट. तो वाढत असेल आणि खराब सेक्टरांचे ५, १९७, १९८ शून्य असतील तर डिस्क ठीक आहे, केबल नाहीतर पॉवरचा कनेक्टर खराब. हा आकडा केबल बदलल्यावर शून्य होत नाही हं, म्हणून आजचा आकडा लिहून ठेवा आणि आठवड्याने वाढला का ते बघा. माझा ४१२ वर थांबला तो आजही ४१२ आहे.

चालता चालता गायब होणारी एनव्हीएमई

लॅपटॉप थोडा वेळ निवांत पडला की सगळं गोठतं, फाइल सिस्टिम रीड-ओन्ली होते, रीस्टार्ट केलं की परत ठीक. हे बऱ्याचदा डिस्कच्या पॉवर सेव्हिंगचं, एपीएसटीचं काम असतं, कर्नल ४.११ पासून ते लिनक्समध्ये आहे आणि काही डिस्क झोपतात त्या उठतच नाहीत. नवे कर्नल तर स्वतःच सांगतात की ‘डिफॉल्ट पीएस मॅक्स लेटन्सी यूएस’ शून्य करून आणि पीसीआयई एएसपीएम (पीसीआयई लिंकची वीज बचत) बंद करून बघा. पण लोक काय करतात, नेटवर सापडलेले सात पॅरामीटर एकदम ग्रबमध्ये कोंबतात, एसीपीआय ऑफसकट, मग पंखा फुल आणि बॅटरी तासाभरात खलास, आणि नेमकं कशाने बरं झालं ते कळत नाही. एक लावा, दोन दिवस बघा, मग दुसरा.

लॉग शोधायला जाल तर तो नसेल, कारण ज्या डिस्कवर लॉग लिहायचा तीच गेलेली असते. दुसऱ्या मशीनवरून एसएसएच करून डीमेसेज -डब्ल्यू चालू ठेवा, शेवटच्या ओळी तिथे सापडतात.

कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर घालायलाच लागला तर डीकेएमएसवाला, म्हणजे कर्नल बदलला की स्वतः परत बनणारा, घ्या, नाहीतर पुढच्या कर्नल अपडेटला परत तीच रात्र. सिक्युअर बूट चालू असेल तर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ येईल, ड्रायव्हर खराब नाही, सही नाही त्याला, मॉकयुटिलने की नोंदवा.

आणि हो, तो रात्रीचा फोटो. त्याला म्हटलं त्याच प्रॉम्प्टवर डीमेसेज चालव आणि ‘रीमॅप्ड’ शोध. ओळ सापडली. पण मशीन तर दोन वर्षं नीट चालत होतं, मग आज काय झालं? म्हणून डेट टाइप करायला सांगितलं, तर तारीख भलत्याच जुन्या वर्षातली. दुपारभर ऑफिसात लाइट नव्हती, बोर्डावरचा सेल कधीचा मेलेला, त्यामुळे बायोस फॅक्टरी सेटिंगवर गेला आणि फॅक्टरी सेटिंग म्हणजे रेड. एएचसीआय केलं, पाच मिनिटांत लॉगिन आलं. सकाळी घड्याळाच्या दुकानातून २०३२ नंबरचा सेल आणायला सांगितला, दोन आण म्हटलं, एक तुझ्या शेजारच्या मशीनला लागेल.