दर विचारायला गेलो, सगळ्यांनी तारीख विचारली

लग्नाच्या फोटोग्राफीत उतरायचं ठरवलं तेव्हा माझ्याकडे एक कॅमेरा, दोन लेन्सा आणि मित्रांच्या साखरपुड्यांचे फोटो होते. गाव तासगाव, 2023 चा पावसाळा. बाजाराचा अंदाज घ्यायचा म्हणजे बाकीचे किती घेतात ते काढायचं, एवढीच माझी समजूत. तासगाव, विटा, पलूस, सांगली इथल्या स्टुडिओंना फोन लावत सुटलो. "बहिणीचं लग्न आहे, फोटो-व्हिडिओचे काय घ्याल?" मला बहीण नाही.

पहिल्याने विचारलं, "तारीख?" अजून ठरली नाही म्हटल्यावर, "मग ठरल्यावर करा फोन." दुसऱ्याचंही तेच. तिसरा जरा बोलका निघाला. म्हणाला, "दाट तिथी असली तर मी जास्तच सांगणार. मोकळ्या दिवशी घासाघीस करा हवी तेवढी. तारीख कुठली ते सांगा की आधी."

दरांचा तक्ता तिथेच बंद केला आणि तारखांच्या मागे लागलो. त्यासाठी सगळ्यात उपयोगी पडल्या त्या लग्नपत्रिका. आमच्याकडे पत्रिका लगेच टाकून देत नाहीत. आईच्या कपाटावर गठ्ठा होता, काकांकडे होता, मावशीकडे होता. शिवाय पत्रिका छापणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे नमुन्यांची फाईल. चहा पाजला की तो ती तासभर चाळू देतो. तारीख, मुहूर्ताची वेळ, कार्यालय की दारातला मांडव, दोन्हीकडची गावं, सगळं पत्रिकेवर असतं. मी वहीत तेवढंच उतरवलं.

वही भरत गेली तसं दिसलं की लग्नं मूठभर तारखांवर गोळा झालेली आहेत. एकाच दिवशी, एकाच सुमारास, दुपारी साडेबाराच्या आसपास चार ठिकाणी अक्षता पडतायत. त्याच्या पुढचे आठ दिवस कोरे. गोरज मुहूर्त कमी, पण आहेत. तिथे सूर्य मावळत असतो, म्हणजे लाइट आणि एक मदतनीस जादा लागणार. आणखी एक खूण सापडली. ज्या पत्रिकेवर हळदी समारंभ वेगळा, आदल्या संध्याकाळचा म्हणून छापलाय, त्या घरी फोटोंवर खर्च करायची तयारी असते. हा नियम नव्हे, पण माझ्या बाबतीत बहुतेक वेळा खरा ठरलाय.

आता हिशेब करा. दाट तिथीला एका स्टुडिओकडे तीन ऑर्डरी येतात आणि भरवशाची माणसं दोनच असतात. म्हणजे नव्या माणसाचं पहिलं गिऱ्हाईक वधूचा बाप नव्हे, आधीच जम बसलेला स्टुडिओवाला. ज्याला मी खोटा फोन केला होता त्याच बोलक्या माणसाकडे गेलो आणि खरं सांगून टाकलं. तो हसत म्हणाला, "ठरली का मग बहिणीची तारीख?" तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मोठ्या तिथीला त्याने मला रोजावर घेतलं, दिवसाला अडीच हजार. मुलीकडच्या बाजूचे ट्रॅडिशनल, म्हणजे विधींचे आणि ग्रुपचे फोटो माझ्याकडे; कॅन्डिड, म्हणजे नकळत टिपलेले, दुसऱ्याकडे.

फोनवर जे महिनाभरात कळलं नसतं ते त्या मांडवात अर्ध्या दिवसात कळलं. नवरीला हवे होते कॅन्डिड आणि मोबाइलवर टाकायला छोटा व्हिडिओ. पण इसार दिला होता तिच्या मामांनी, आणि त्यांचा प्रश्न एकच: "आमच्या पाव्हण्यांचा ग्रुप घेतला का?" आईचं लक्ष कानपिळीचा फोटो आला की नाही यावर. यातलं एक चुकलं तरी अल्बमच्या वेळी बोलणी खावी लागतात. बाजार म्हणजे एक गिऱ्हाईक नसतं, एका लग्नात तिघं-चौघं असतात आणि पैसे देणारा हात भलत्याचाच असतो.

कार्यालयांच्या व्यवस्थापकांनाही भेटा, पण त्यांच्या आश्वासनांवर फार विसंबू नका. त्यांचा ठरलेला फोटोग्राफर असतो, आणि नसला तर टक्केवारी ठरलेली असते.

माझी मोठी चूक पुढे झाली. 2023 च्या मे महिन्यातल्या पत्रिका भरपूर होत्या, म्हणून 2024 चा मेही तसाच धरला आणि दुसरा कॅमेरा हप्त्यावर घेतला. त्या वर्षी मे-जूनमध्ये शुक्राचा अस्त. पंचांगातले मुहूर्त जवळजवळ गायब. काढीव, म्हणजे अडचणीपुरत्या काढून घेतलेल्या मुहूर्तावर काही लग्नं झाली, पण हप्ता भागला नाही. पुतण्याच्या बारशापासून शाळेच्या ओळखपत्रापर्यंत मिळेल ते काम केलं. पत्रिका गेलेलं वर्ष सांगतात, येणारं वर्ष पंचांग सांगतं, आणि पंचांग तर आमच्या घरातल्या भिंतीवरच टांगलेलं होतं! तेव्हापासून नवं पंचांग हातात आलं की आधी चातुर्मास, धनुर्मास, गुरू-शुक्राचे अस्त आणि अधिक महिना यांवर खुणा करतो. 2026 चा अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून, म्हणजे सुट्टीचे ऐन दिवस गेले. अशा वर्षी उपकरणं विकत घेऊ नका, भाड्याने आणा.

पंचांगाच्या जोडीला शेताचं वेळापत्रक बघा. आमच्याकडे द्राक्षं. ऑक्टोबर छाटणीनंतर बागायतदाराचा जीव फवारणीत आणि पावसात अडकलेला असतो. माल गेला, पैसे आले की मग तो कार्यालय बघायला निघतो. ऊसवाल्याचं बिल वेगळ्या वेळी येतं, नोकरदाराला रजा वेगळ्या वेळी मिळते. तुमच्या गावात कांदा असेल, हापूस असेल, एमआयडीसी असेल, पण पैसा कोणत्या महिन्यात घरात येतो ते विचाराच.

विट्याच्या बाजूचे गलाई व्यावसायिक हे माझ्या वहीतलं वेगळं पान. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी ही माणसं देशभर पांगलेली, लग्नं मात्र बरीचशी गावी, मुलांच्या सुट्टीत. त्यांना स्टुडिओत येऊन अल्बम चाळायला वेळ नसतो; तिकडून इन्स्टाग्राम बघून, गावातल्या भावाला विचारून ठरवतात. इसार वेळेवर पाठवतात, हुज्जत कमी. मात्र लग्नानंतर आठवड्याभरात परतीचं रिझर्वेशन असतं. त्याआधी अल्बमसाठी फोटो निवडून घेतले नाहीत तर निवड पुढच्या सुट्टीवर जाते, अल्बम वर्षभर लोंबकळतो आणि शेवटचा हप्ताही. म्हणून त्यांच्या बोलणीत मी लग्नाच्या तारखेशेजारीच परतीच्या गाडीची तारीख लिहून घेतो.