खान्देशच्या उन्हाधुळीत छोटं टर्बो डिझेल इंजिन कसं सांभाळावं

मारुतीने २०२० साली डिझेल गाड्या बंद केल्या, तरी जळगाव, धुळे, नंदुरबारच्या रस्त्यांवर जुन्या डिझेल स्विफ्ट आणि डिझायर अजून भरपूर धावतात. त्यांतलं १,२४८ सीसीचं इंजिन मूळचं फियाटचं. टाटाच्या इंडिका व्हिस्टामध्ये आणि फियाटच्या पुंटोमध्येही तेच होतं. नीट जपलं तर हे इंजिन दोन-अडीच लाख किलोमीटर सहज चालतं आणि हयगय झाली तर लाखाच्या आत नवा टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणारा पंखा, मागतं. हा फरक बराचसा ऑइलवर ठरतो, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी गाडीसोबत आलेलं पुस्तक काढा. सर्व्हिसच्या तक्त्याजवळ धूळ, कडक ऊन, जड ओझं किंवा जवळच्या जवळच्या फेऱ्या असं वापराचं वेगळं वर्णन असतं. अशा वापरासाठी मुदती कमी दिलेल्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि शेतरस्त्यावर काळ्या मातीची धूळ उडते. आपल्या गाडीने तोच कठोर वापराचा तक्ता पाळायचा.

ऑइल दर आठवड्याला तपासा. सकाळी, गाडी सुरू करण्याआधी आणि सपाट जागेवर. डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून काढा आणि पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का ते बघा. ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका. डिझेल इंजिनात नवं ऑइलही काही दिवसांत काळं होतं, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. पातळी दोन तपासण्यांमध्ये झपाट्याने उतरत असेल तर गळती शोधा किंवा टर्बोकडे संशयाने बघा. पातळी वाढली असेल तर ते जास्त वाईट. ऑइलमध्ये डिझेल मिसळतंय असा त्याचा बहुधा अर्थ असतो. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. या दोन्ही वेळी गाडी न चालवता मिस्तरीला घरी बोलवा.

एवढी काळजी का, तर १.३ लिटरच्या या इंजिनात ऑइल मावतं जेमतेम तीन लिटरच्या आसपास. अर्धा लिटर कमी झालं तरी फरक पडतो. टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेऊ शकतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. या इंजिनात टायमिंग चेन आहे आणि तिला ताणून धरणारा टेन्शनरही ऑइलच्याच दाबावर चालतो. ऑइल घाण झालं किंवा कमी पडलं की टर्बो आणि चेन दोघांवर एकदम संकट येतं.

बदलण्याची मुदत बऱ्याच कंपन्या १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल ते, अशी देतात. काही १५,००० पर्यंतही जातात. खान्देशात ७,५०० ला बदलावं असं माझं ठाम मत आहे. गाडी फार फिरली नाही तरी वर्षाला बदलायचंच. ग्रेड, म्हणजे ऑइल किती जाड-पातळ ते, पुस्तकात असेल तीच, बहुतेक ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४०. शेतकऱ्याच्या घरी ट्रॅक्टरच्या ऑइलचा कॅन हाताशी असतो आणि ‘थोडं कमी आहे, टाकून घेऊ’ असं सहज होतं. तसं करू नका. ते जाड असतं, गार इंजिनात टर्बोपर्यंत पोचायला वेळ घेतं. बीएस-६ गाडीला धुराच्या नळीत काजळी अडवणारं डीपीएफ असतं, त्यासाठी कमी राख सोडणारं ऑइल लागतं. चुकीच्या ऑइलची राख त्यात कायमची साचते. ऑइल बदलताना फिल्टर आणि ड्रेन बोल्टचं वॉशर दरवेळी नवं. सीलबंद डबा आपल्यासमोर उघडायला सांगा, यात संकोच कसला.

सुरू करताना आणि बंद करतानाची सवय फुकट आहे, पण टर्बोचं आयुष्य तीच वाढवते. चावी फिरवल्यावर हीटर प्लगचा पिवळा दिवा विझू द्या, मग स्टार्टर मारा. अर्धा मिनिट जागेवर चालू ठेवा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर रेस न देता चला. कन्नड घाट चढून वर चहाला थांबलात किंवा हायवेवरून जोरात येऊन टोलनाक्यापुढे गाडी लावलीत, तर लगेच चावी काढू नका. मिनिट-दीड मिनिट इंजिन जागेवर फिरू द्या. तापलेल्या टर्बोतलं ऑइल थांबलं की तिथेच जळून त्याचा कोळसा होतो आणि पुढे ऑइलची बारीक नळी चोंदते.

हवेचा फिल्टर दर ५,००० किलोमीटरला उघडून बघा, कापूस वेचणीच्या आणि केळीच्या गाड्या धावण्याच्या दिवसांत रावेर-यावलकडच्यांनी त्याच्याही आधी. कॉम्प्रेसरची हवा मारायची तर आतून बाहेर आणि कमी दाबाने. बाहेरून जोरात मारली की कागद फाटतो आणि धूळ थेट टर्बोच्या पंख्यावर जाते. फिल्टर फार मळला असेल तर नवा घाला, तो स्वस्त आहे. झाकणाच्या सगळ्या क्लिपा बसल्या की नाही ते हाताने चाचपा.

आता डिझेल. या इंजिनांत इंजेक्टरला सुमारे १,६०० बारच्या दाबाने डिझेल जातं आणि आतल्या भागांमधली फट काही मायक्रॉनची असते. पाण्याचा थेंब किंवा गाळ तिथे विष आहे. शेतावरच्या पिंपातलं डिझेल कारमध्ये ओतू नका. पिंपाच्या तळाला पाणी आणि गंज असतोच. पावसाळ्यात महिन्यातून एकदा डिझेल फिल्टरच्या खालचा स्क्रू सैल करून साचलेलं पाणी काढा, स्वच्छ डिझेल येऊ लागलं की घट्ट करा. डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागला तर ते त्याच दिवशी. टाकी कोरडी पडेपर्यंत चालवू नका. लाइनमध्ये हवा शिरते आणि ती काढेपर्यंत गाडी सुरू होत नाही.

उन्हाळ्यासाठी एप्रिलच्या आधी एक दिवस कूलिंगला द्या. रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि किडे बसलेले असतात. आतून बाहेर, हलक्या धारेने धुवा. एसी लावून रेडिएटरचा पंखा फिरतो का ते उभं राहून बघा. कूलंट डिस्टिल्ड पाण्यात पुस्तकात दिलेल्या प्रमाणात, साधारण निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी चालणार नाही. त्यातल्या क्षारांचा थर आत बसतो आणि मग कितीही कूलंट घाला, इंजिन तापतंच. काटा वर चढला तर एसी बंद करा, सावलीत थांबा. गरम असताना टोपी उघडू नका. उकळत्या पाण्याचा फवारा तोंडावर येतो.

‘भाऊ, गाडी वढत नही’ ही तक्रार घेऊन माणूस गॅरेजला गेला की कुठेकुठे थेट टर्बो बदलायला सांगतात. तो मोठा खर्च आहे, म्हणून त्याआधी क्रमाने तपासून घ्या. पहिला हवेचा फिल्टर. मग टर्बोपासून दाबलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत जाणारे रबरी होज. एखादा फाटला किंवा क्लिप सैल झाली की दाबलेली हवा बाहेर पडते, रेस दिल्यावर फुस्स असा आवाज येतो आणि मागे काळा धूर निघतो. इंजिन बंद आणि गार असताना होज वाकवून बघा, चीर खालच्या बाजूला असते आणि वरून दिसत नाही. त्यानंतर व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या, डिझेल फिल्टर, ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप), आणि स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणं. हे सगळं झाल्यावरच टर्बोचा दांडा हलवून बघायचा.

धुराचा रंगही सांगतो. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा दाट धूर येत असेल तर कूलंट आत जातंय किंवा इंजेक्टर बिघडलाय. क्वचित टर्बोचं सील पूर्ण फुटतं आणि इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन बेफाम रेस होतं. तेव्हा चावी बंद करून ते थांबत नाही. ब्रेक पूर्ण दाबून ठेवा, सर्वांत वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा. इंजिन अडून बंद पडतं. हे घरातल्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याला आजच सांगून ठेवा.

गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत काजळी साचते. पंधरा दिवसांतून एकदा धुळ्याकडे किंवा भुसावळकडे हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं सलग न्या, चौथ्या गिअरमध्ये, दोन-अडीच हजार आरपीएमवर. बीएस-६ गाडीत डीपीएफचा दिवा लागला असेल तर हे लगेच करा आणि दिवा विझेपर्यंत इंजिन बंद करू नका. कन्नड किंवा तोरणमाळच्या घाटात पाचव्या गिअरमध्ये गुडगुडत चढू नका. या इंजिनाची ताकद दोन हजार आरपीएमच्या आसपास येते, त्याखाली दाबल्यास बेअरिंग आणि क्लच झिजतो. उतरताना गिअरमध्येच उतरा.

जुनी गाडी घेणार असाल तर ती रात्रभर उभी असताना सकाळी बघायला जा, मालकाला आधी सुरू करू देऊ नका. गार इंजिन सुरू होताच पुढच्या बाजूने साखळी खुळखुळल्यासारखा आवाज येऊन तो टिकला तर चेन किंवा टेन्शनर गेलाय. डस्टरसारख्या गाड्यांतल्या १.५ डीसीआय इंजिनाला चेन नसून पट्टा आहे. तो तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड उघडावं लागतं. पट्टा कधी बदलला याचं बिल मालकाकडे नसेल तर बदललेलाच नाही असं धरा आणि सौद्यातून तेवढी रक्कम कमी करून घ्या. बदलताना टेन्शनर आणि वॉटर पंपही त्याच वेळी घाला, म्हणजे तीच जागा उघडण्याची मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागत नाही.