वृद्धाश्रमात भेटायला जाताना: खाऊची पिशवी आधी सिस्टरकडे

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जळगाव-धुळ्याकडे माहेरवाशिणी जमल्या की वृद्धाश्रमातल्या आत्याची, मामांची आठवण निघतेच. जरूर जा. पण घसा खवखवत असेल, अंगात कसकस असेल किंवा जुलाब होत असतील तर त्या दिवशी फोनवरच बोला. आपली दोन दिवसांची सर्दी ऐंशीच्या माणसाला न्यूमोनियापर्यंत नेऊ शकते. ताप गोळीशिवाय उतरून निदान 24 तास झालेले असावेत. खोकला रेंगाळत असेल तर मास्क लावा.

पोचल्यावर आधी साबणाने 20 सेकंद हात धुवा, मग पाया पडा. सॅनिटायझर चालतो, पण उलट्या-जुलाबाच्या काही विषाणूंपुढे त्याचं फारसं चालत नाही.

खरा घोळ होतो तो खाऊचा. आपल्याकडे भेटीला केळी नेणं म्हणजे अगदी साधी गोष्ट; पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्याला केळ्यातलं पोटॅशियम बाधू शकतं. पुरणाच्या मांड्यांनी साखर चढते. गिळायला त्रास असलेल्याला शेव-चिवडा दिला तर कण श्वासनलिकेत जाऊ शकतो. म्हणून डबा उघडण्याआधी सिस्टरला विचारा. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी हात पुढे केला तरीही. (नाही म्हणणं जिवावर येतं, मान्य.)

मे महिन्यात भुसावळचा पारा 45 अंशांच्या घरात जातो. अंगणात फिरवायचं तर सकाळीच. आणि चाकाच्या खुर्चीतून उठवताना-बसवताना आधी ब्रेक लावा.