सी भाषेत मजकूर बफरमध्ये न सांडता कसा भरावा

सोलापुरातल्या एखाद्या यंत्रमाग कारखान्यात चादरींची लेबलं छापणारं छोटं उपकरण आहे, असं धरा. त्यातला सी प्रोग्रॅम मालाचं नाव आणि दर एका बफरमध्ये, म्हणजे ठरावीक आकाराच्या मेमरीच्या तुकड्यात, जोडून प्रिंटरकडे पाठवतो. हे काम ‘स्प्रिंटएफ’ (sprintf) या मजकूर जुळवणाऱ्या फंक्शनला देऊ नका. बफर केवढा आहे हे त्याला सांगायची सोयच नाही. नाव लांबलं की ते शेजारच्या मेमरीवर लिहीत जातं. १९९९च्या सी मानकात आलेलं ‘एसएनप्रिंटएफ’ (snprintf) वापरा, त्याला बफरचा आकार सांगता येतो.

आधी जागा मोजा, आणि ती बाइटमध्ये मोजा. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, वेलांटीसुद्धा वेगळी मोजली जाते. ‘सोलापुरी चादर’ला ३७ बाइट लागतात, मजकूर संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्य बाइटसकट ३८.

बफर दुसऱ्या फंक्शनकडे देताना त्याचा आकारही सोबत द्या. तिथे आकार मोजणारं ‘साइझऑफ’ (sizeof) लावलंत तर ६४-बिट मशीनवर बफरचा आकार नाही, तर पॉइंटरचे, म्हणजे बफरच्या पत्त्याचे, ८ बाइट हाती येतात. वापरकर्त्याने टाइप केलेलं नाव फॉरमॅटच्या, म्हणजे मजकुराचा साचा सांगणाऱ्या, जागी कधीही ठेवू नका. तिथे ‘टक्का-एस’ (%s) लिहा आणि नाव त्यापुढे द्या. नाहीतर नावातलं टक्क्याचं चिन्ह आज्ञा म्हणून वाचलं जातं.

आता सर्वांत महत्त्वाची पायरी, जी बहुतेक जण गाळतात: ‘एसएनप्रिंटएफ’कडून परत मिळणारी संख्या तपासा. ती किती लिहिलं ते सांगत नाही, शून्य बाइट सोडून एकूण किती लागलं असतं ते सांगते. ३२ बाइटच्या बफरमध्ये वरचं नाव भरलं तर लेबलावर ‘सोलापुरी चा’ एवढंच उमटेल, पण उत्तर ३७ येईल. बफर ३० बाइटचा असेल तर ‘च’नंतरचा काना मधेच तुटतो आणि त्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसू शकतं. म्हणून उत्तर ऋण आहे का ते आधी पाहा. असेल तर चूक झाली आहे. मग ते बफरच्या आकाराएवढं किंवा जास्त आहे का ते पाहा. बरोबरी आली तरी मजकूर कापलाच गेलाय, कारण एक बाइट शून्यासाठी राखीव असतो. अर्धवट लेबल छापू नका, थांबून चूक कळवा. मेमरी मागता येत असेल तर आधी बफरऐवजी नल पॉइंटर (कुठलीच जागा न दाखवणारा पत्ता) आणि आकार ० देऊन लांबी काढा, तीत १ मिळवून जागा घ्या, मग पुन्हा भरा.

नावामागे दर जोडताना जास्त जपा. मिळालेली संख्या न तपासता पुढे सरकलात आणि ती आकाराहून मोठी असली, तर आकारातून ती वजा करताना उत्तर शून्याखाली जातं. चिन्हविरहित (ऋण संख्या न ठेवणाऱ्या) प्रकारात ते प्रचंड मोठं होतं आणि मर्यादाच उरत नाही. प्रत्येक जोडणीनंतर तपासा. तोच बफर स्रोत म्हणूनही देऊ नका, त्याचा परिणाम मानकाने ठरवलेला नाही.

मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ २०१५च्या आधीचा कोड हाती आला तर अंडरस्कोरने सुरू होणारं ‘एसएनप्रिंटएफ’ (_snprintf) शोधा. बफर भरला की ते शेवटचा शून्य बाइट लिहीत नाही. तो स्वतः लिहावा लागतो.