ल्युनेबुर्ग समजून घ्यायचंय? मग सुरुवात जमिनीखालून करा

जर्मनीतलं एखादं छोटं शहर समजून घ्यायचं म्हटलं की बरेच जण आधी राजे आणि लढायांची यादी वाचायला घेतात आणि दोन पानांत कंटाळतात. ल्युनेबुर्गला तसं अजिबात करू नका. हांबुर्गच्या आग्नेयेला साधारण 50 किमीवर, लोअर सॅक्सनी राज्यात, पाऊण लाखाच्या आसपास वस्तीचं हे गाव, आणि इथला इतिहास, भूगोल, पैसा सगळं एकाच गोष्टीतून निघालंय, ती म्हणजे मीठ.

म्हणून पहिल्यांदा काल्कबेर्गवर जा. छोटीशी टेकडी आहे, चढायला त्रास नाही, वरून अख्खं जुनं शहर दिसतं. तुम्ही उभे असता तो जिप्समचा खडक, खालून वर सरकलेल्या मिठाच्या प्रचंड घुमटाचं हे टोपण. भूजल या मिठाला विरघळवतं आणि इतकं खारट पाणी तयार होतं की ते नुसतं उकळलं तरी भरपूर मीठ हाती लागतं. 956 सालच्या दस्तऐवजात जर्मन राजा ऑटो पहिला इथल्या मिठावरचा कर सेंट मिखाएलच्या मठाला देऊन टाकतो, म्हणजे धंदा तेव्हाच जोरात होता. याच टेकडीवर इथल्या राज्यकर्त्या ड्यूकचा किल्ला होता, 1371 मध्ये शहरवासीयांनी तो घेतला आणि पाडला. एवढी हिंमत कुठून आली हे कळायला पुढचा टप्पा बघा.

खाली उतरून मिठाचं म्युझियम गाठा, ते जुन्या मिठागाराच्याच जागेवर आहे. एके काळी इथे 54 भट्टीघरं होती, प्रत्येकात शिशाच्या चार कढया, आणि खाली सतत लाकडं जळत. आता समोर नकाशा उघडाच, नाहीतर अर्धी गोष्ट सुटते: इल्मेनाऊ नदीतून मीठ एल्बे नदीला, तिथून 1398 मध्ये सुरू झालेल्या श्टेकनित्स कालव्यातून बाल्टिक समुद्राजवळच्या ल्युबेक बंदराला, आणि ल्युबेकहून आजच्या स्वीडनच्या दक्षिण किनाऱ्यावर हेरिंग मासा खारवायला. ख्रिश्चनांना उपासाच्या दिवसांत मांस चालत नसे, त्यामुळे खारवलेल्या माशाला तुफान मागणी, आणि मीठ नसेल तर मासा सडणार. हान्सा या उत्तर युरोपातल्या शहरांच्या व्यापारसंघात ल्युनेबुर्गचं वजन यामुळे होतं.

नदीकाठी जुनी क्रेन आहे, आत्ताचं बांधकाम 1797 चं. आत मोठी लाकडी चाकं, त्यात माणसं चालायची आणि ओझं वर जायचं. तिथून आम झांडे चौकात या आणि विटांच्या घरांच्या कडा अगदी जवळ जाऊन बघा, दोरखंडासारख्या पिळलेल्या विटा दिसतील. मिठाचा पैसा कुठे गेला ते तिथे दिसतं.

मग हे सगळं टिकलं कसं? मला वाटतं हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि तोच लोक सोडून देतात. पुढे हेरिंग कमी झाला, समुद्राचं स्वस्त मीठ आलं, हान्सा ढेपाळला, शहराकडे पैसा उरला नाही, त्यामुळे जुनं पाडून नवं बांधणं जमलंच नाही. दुसऱ्या महायुद्धातही शहर बऱ्यापैकी वाचलं.

पण मिठाने जमीनही पोखरली. मिठागाराजवळच्या जुन्या वस्तीत फिरताना फुटपाथकडे नाही तर भिंतींकडे बघा, चौकटी तिरक्या, पायऱ्या वाकड्या. सेंट लाम्बेर्टी चर्च तर खचल्यामुळे 1860-61 मध्ये पाडावं लागलं. मिठागार 1980 ला बंद झालं तरी काही भागात जमीन अजून खाली जातेच आहे, खालचं मीठ विरघळायचं थांबत नाही ना.

शहराची आजची कमाई कुठून येते ते बघायला शेवटी लॉयफाना युनिव्हर्सिटीकडे जा. जुन्या लष्करी बराकींत ती भरते, आणि 2017 ला उघडलेली वास्तुकार डॅनियल लिबेस्किंडची तिरपी मुख्य इमारत लांबूनच ओळखू येते. विद्यार्थी, पर्यटक, दुकानं, ऑफिसं आणि हांबुर्गला रोज ट्रेनने जाणारे लोक यांच्यावर आता शहर चालतं. मीठ पूर्ण गेलेलं नाही, तेच खारं पाणी इथल्या स्पाच्या तलावात वापरतात. वेळ उरला तर शार्नेबेकची जहाजांची लिफ्टही बघा, जवळच आहे, एल्बे-झायटेन कालव्यावर अख्खं जहाज 38 मीटर वर नेतात, म्हणजे माल वाहून नेणाऱ्या पाण्याच्या वाटा या भागात आजही चालू आहेत.