सर्वांत मोठा उशीर किती आणि कशामुळे? एम्बेडेड क्षेत्रात ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीम शिकताना

एम्बेडेड, म्हणजे यंत्रांच्या आत बसवलेल्या संगणकांच्या, क्षेत्रात नव्याने येणारे अभियंते बहुधा पहिला प्रश्न विचारतात तो असा : फ्रीआरटीओएस शिकावे, झेफर शिकावे की लिनक्स? पहिल्या दोन आरटीओएस, म्हणजे ठरलेल्या वेळेत काम करवून घेणाऱ्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टीम आहेत. तिन्हींवर काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा हार्डवेअरच देऊन टाकते. मायक्रोकंट्रोलरमध्ये काहीशे किलोबाइट मेमरी असेल आणि मेमरी मॅनेजमेंट युनिट (प्रत्येक प्रोग्रामची मेमरी वेगळी राखणारा भाग) नसेल, तर तेथे लिनक्सचा विचार करण्यात अर्थ नसतो. उलट यंत्राला कॅमेरा, नेटवर्क, फाइल सिस्टीम आणि अनेक वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या हव्या असतील, तर लहानशा आरटीओएसवर हे सारे उभारत बसणे परवडत नाही. नवशिक्याने सवय लावून घ्यावी ती दुसऱ्याच प्रश्नाची : हे काम जास्तीत जास्त किती उशिरा होईल, आणि तो उशीर कशामुळे होईल? त्यातल्या ‘किती’चे उत्तर मोजून मिळते. ‘कशामुळे’चे उत्तर शोधताना मात्र ऑपरेटिंग सिस्टीमचा सोर्स कोड समोर उघडा असणे फार मोलाचे ठरते, आणि या क्षेत्रात ओपन सोर्सचे महत्त्व मला सर्वांत जास्त तेथेच जाणवले आहे.

याचे एक उदाहरण सविस्तर सांगतो. एका छोट्या मोटर-नियंत्रकात फ्रीआरटीओएसवर दर १ मिलिसेकंदाला चालणारा एक टास्क (स्वतंत्रपणे चालणारे काम) होता. टास्क सुरू होताना एक मोकळी पिन वर न्यायची आणि संपताना खाली आणायची, एवढ्या दोन ओळी आम्ही कोडमध्ये घातल्या आणि पिनेची हालचाल वेळेसह नोंदणारा लॉजिक अ‍ॅनलायझर रात्रभर लावून ठेवला. सकाळी पाहिले तर पट्टीवर स्पंदने अगदी नेमाने पडलेली होती, सरासरी निर्दोष होती. मात्र अधूनमधून काही मिलिसेकंद पिन जागची हललेलीच नव्हती. साहजिकच पहिला संशय शेड्यूलरवर, म्हणजे कोणता टास्क कधी चालवायचा ते ठरवणाऱ्या भागावर, गेला. म्हणून शेड्यूलरचा कोड वाचायला घेतला, इंटरप्ट (चालू काम थांबवून प्रोसेसरचे लक्ष वेधणारे संकेत) जेथे जेथे बंद केले जातात त्या जागा एकेक करून तपासल्या, आणि तेथे मोजक्याच ओळींचे काम होत असल्याने इतका मोठा उशीर तेथून येणे शक्य नाही हे स्पष्ट झाले. कोड बंद असता तर हा संशय कितीतरी काळ तसाच राहिला असता.

मग शोध खाली सरकला. बिघाडांची नोंद ठेवणारा एक कमी प्राधान्याचा टास्क फ्लॅश मेमरीचे पान भरले की पुढचे पान खोडत होता, आणि डेटाशीटमध्ये पान खोडण्यास लागणारा जो वेळ दिला होता तो पिन न हललेल्या त्या काळाशी जुळत होता. त्या मायक्रोकंट्रोलरमध्ये फ्लॅशची एकच बँक (स्वतंत्रपणे वाचता-लिहिता येणारा भाग) होती; अशा रचनेत पान खोडले जात असताना त्याच फ्लॅशमधून पुढची आज्ञा वाचता येत नाही आणि प्रोसेसर जागच्या जागी थांबतो. टास्कचे प्राधान्य कितीही वर असले तरी त्याचा उपयोग होत नाही, कारण खुद्द शेड्यूलरचा कोडही त्याच फ्लॅशमध्ये असतो. वेळेशी बांधलेला कोड रॅममध्ये हलवायचा तर कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा, बराच भागही सोबत हलवावा लागला असता. त्याऐवजी मोटर थांबलेली असतानाच पुढचे पान खोडून तयार ठेवायचे, असा निर्णय घेतला.

प्राधान्यांचा अभ्यास करताना मार्स पाथफाइंडरची हकीकत वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. हे यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले आणि त्यानंतर त्यावरील संगणक वारंवार रिसेट होऊ लागला. हवामानाच्या नोंदी गोळा करणाऱ्या कमी प्राधान्याच्या टास्कने एक कुलूप (सामायिक साधन एका वेळी एकालाच वापरू देणारी व्यवस्था) धरून ठेवले होते, मधल्या प्राधान्याचे टास्क त्याला पुढे सरकू देत नव्हते, आणि त्याच कुलपासाठी अडलेले वरच्या प्राधान्याचे काम वेळेत न झाल्याने यंत्रणा स्वतःला रिसेट करत होती. त्या कुलपासाठी प्राधान्याचा वारसा (कुलूप धरणाऱ्या टास्कला अडलेल्या टास्कचे वरचे प्राधान्य तात्पुरते देणे) चालू केल्यावर प्रश्न सुटला. त्या यानावरील व्हीएक्सवर्क्स ही ऑपरेटिंग सिस्टीम ओपन सोर्स नाही. पण वारशाची हीच पद्धत फ्रीआरटीओएसमध्ये कशी बांधली आहे ते आज कोणालाही तिच्या टास्क्स डॉट सी या फाइलमध्ये वाचता येते. तेथे म्यूटेक्स या कुलपाला हा वारसा मिळतो, बायनरी सेमाफोर या संकेत देण्याच्या साधनाला मिळत नाही. सामायिक साधनाच्या रक्षणासाठी बायनरी सेमाफोर वापरलेला कोड मी आजही पाहतो, आणि तो चाचणीत बहुधा उत्तीर्णही होतो.

फ्रीआरटीओएसची सुरुवात रिचर्ड बॅरी यांनी २००३ मध्ये केली, आणि २०१७ पासून ती अ‍ॅमेझॉनच्या आश्रयाखाली एमआयटी परवान्यावर मिळते. कोड छोटा असल्यामुळे पहिल्या अभ्यासासाठी मी तिचेच नाव सुचवतो. अडखळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. टास्कची प्राधान्ये मोठ्या आकड्याला वरचढ मानतात, तर कॉर्टेक्स-एम प्रोसेसरच्या इंटरप्टमध्ये लहान आकडा वरचढ असतो. ठरावीक मर्यादेपेक्षा वरच्या इंटरप्टमधून कर्नलची फंक्शन्स मुळीच बोलवायची नसतात, आणि त्या मर्यादेखालच्या इंटरप्टमधूनही फ्रॉम-आयएसआर या शेपटीची, इंटरप्टसाठीच लिहिलेली फंक्शन्सच वापरायची असतात. टास्कच्या स्टॅकचा (त्याच्या तात्पुरत्या मेमरीचा) आकार मूळ फ्रीआरटीओएसमध्ये बाइटमध्ये नसून वर्डमध्ये (प्रोसेसर एका वेळी हाताळतो तेवढ्या बाइटच्या गटात) द्यायचा असतो, तर ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरच्या अधिकृत विकास-संचात तो बाइटमध्ये असतो, त्यामुळे कोड एकीकडून दुसरीकडे नेताना ही संख्या मुद्दाम तपासावी. नियमित अंतराने चालणाऱ्या टास्कसाठी साधा डिले न वापरता डिले-अंटिल वापरावा, कारण साध्या डिलेमध्ये कामाला लागलेला वेळ प्रत्येक फेरीत भर टाकत जातो.

झेफरबद्दल थोडक्यात सांगतो. लिनक्स फाउंडेशनने २०१६ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात हार्डवेअरचे वर्णन डिव्हाइसट्री या वर्णन-फाइलमध्ये आणि कोणते भाग बांधायचे त्या निवडी केकॉन्फिग या व्यवस्थेत असतात, म्हणजे येथे शिकलेले बरेचसे पुढे लिनक्सवर कामी येते. बोर्ड हाती नसतानाही क्यूईएमयू या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर झेफर चालवून टास्क, रांगा आणि कुलपे यांचा सराव करता येतो; मात्र क्यूईएमयूवर मोजलेल्या वेळांवरून खऱ्या यंत्राविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये.

लिनक्सकडे वळल्यावर चित्र बदलते. कर्नलला रिअल-टाइम (ठरलेल्या वेळेत काम होण्याचे) वर्तन देणारे प्रीएम्प्ट-आरटीचे काम सुमारे २० वर्षे वेगळ्या पॅचच्या रूपात चालले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ या आवृत्तीपासून ते मुख्य कर्नलमध्ये निवडता येऊ लागले. त्यात बहुतेक इंटरप्टचे काम वेगळ्या थ्रेडमध्ये जाते आणि बहुतेक स्पिनलॉकची (प्रोसेसर अडवून वाट पाहणाऱ्या कुलपांची) जागा झोपू शकणारी, प्राधान्याचा वारसा मानणारी कुलपे घेतात. पण हा पर्याय चालू केला म्हणजे काम झाले असे नाही. प्रोग्रामने फिफो शेड्यूलिंग (रिअल-टाइम प्राधान्याचा एक प्रकार) मागितले पाहिजे, एमलॉकऑल या फंक्शनने आपली मेमरी जागेवर बांधून ठेवली पाहिजे, आणि वेळेच्या बंधनात चालणाऱ्या भागात नवी मेमरी मागणे किंवा डिस्कवर लिहिणे टाळले पाहिजे. शिवाय नेहमीच्या मांडणीत, साधे टास्क अडून राहिले असतील तर, रिअल-टाइम टास्कना मिळून दर सेकंदातले ०.९५ सेकंदच वापरू देणारी मर्यादा असते. ती ठाऊक नसेल तर उरलेल्या ०.०५ सेकंदाचा खंड कोठून आला हे उमगत नाही.

मोजण्यासाठी सायक्लिकटेस्ट हे साधन घ्यावे. ते ठरलेल्या क्षणी जागे होण्याची विनंती करते आणि प्रत्यक्ष जाग किती मायक्रोसेकंद उशिरा आली ते नोंदवते. शांत यंत्रावर ते काही मिनिटे चालवून मिळालेला आकडा अहवालात घालणे ही दिशाभूल आहे. स्ट्रेस-एनजी या साधनाने प्रोसेसर आणि मेमरीवर भार टाकावा, नेटवर्कवर वाहतूक चालू ठेवावी, फाइल्स लिहीत राहाव्यात आणि चाचणी अनेक तास चालवून फक्त कमाल स्तंभाकडे पाहावे. तेथे मोठा आकडा दिसला की आरटीएलए या लिनक्सच्या साधनसंचातील टायमरलॅटने तो क्षण पकडता येतो आणि त्या वेळी कर्नल काय करत होते याचा माग मिळतो. कारणे कधी ड्रायव्हरमध्ये सापडतात, कधी प्रोसेसरच्या वीजबचतीच्या खोल अवस्थांमध्ये, तर एक्स८६ यंत्रांवर कधी फर्मवेअरच्या अशा इंटरप्टमध्ये, ज्याची ऑपरेटिंग सिस्टीमला खबरही नसते. हे शेवटचे कारण मला सर्वांत गंभीर वाटते, कारण तेथे आपल्या हातातील सोर्स कोड संपतो. म्हणून बोर्ड विकत घेण्यापूर्वीच त्यावर ही चाचणी करून घ्यावी.

नोकरीच्या मुलाखतीला जाताना अशा एका मापनाचा पूर्ण वृत्तांत सोबत असावा : कोणता बोर्ड, कोणती कर्नल आवृत्ती, कोणता भार, किती तास, उशिरांचा आलेख आणि त्यातील सर्वांत मोठ्या आकड्याचे शोधून काढलेले कारण. मला उमेदवाराशी बोलायला एवढा एक कागद पुरतो.

परवान्यांचा अभ्यास कायदा विभागावर सोडून देऊ नये. लिनक्स कर्नल जीपीएल परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे, त्यामुळे त्यासह यंत्र विकणाऱ्याला त्या कर्नलचा आपल्या बदलांसह सोर्स कोड ग्राहकाला उपलब्ध करून द्यावा लागतो. झेफरचा अपाची परवाना आणि फ्रीआरटीओएसचा एमआयटी परवाना अशी अट घालत नाहीत. लिनक्स प्रणाली बांधण्यासाठी योक्टो किंवा बिल्डरूट ही साधने वापरत असाल तर कोणत्या घटकाची कोणती आवृत्ती आणि कोणता परवाना आहे याची यादी बांधणीसोबतच तयार करून घेता येते, आणि ती पहिल्या दिवसापासून ठेवावी. पुढे सुरक्षेतील त्रुटी उघड झाली की आपले यंत्र तीत सापडते का, हे याच यादीवरून कळते. दुरुस्तीसाठी कर्नल बदलला, मग तो बदल एखाद्या ड्रायव्हरपुरता का असेना, तर कमाल उशिराची रात्रभराची चाचणी त्या नव्या बांधणीवर पुन्हा करावी आणि मगच ती बाहेर पाठवावी.